हो, ‘मिसेंग’ सिरीयलचा हिरो वशिल्यानेच आला होता, पण पुढचं बघा ना

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता की कोरियन सिरीयल्समध्ये येणारे आयडॉल, म्हणजे पॉप ग्रुपमधले गायक, हे वशिल्याचं तट्टू, नाटकात वर्षानुवर्षं घासलेल्या माणसाचा रोल हे फॅन्सच्या जोरावर खातात आणि मी इम सी-वान या आयडॉल-अॅक्टरचं कौतुक करत बसलेय. राग कळला, आणि निम्मा पटलाही. चॅनेलवाले नाव बघून, बाहेरच्या देशात सिरीयल विकली जावी म्हणून आयडॉलला थेट लीड देतात हे खरंच आहे. कोरियात वाईट अॅक्टिंगला ‘बालयन्गी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पायाने केलेला अभिनय, आणि आयडॉल्सनी हा शब्द भरपूर ऐकलाय.

पण सी-वानचं उदाहरण तुम्ही चुकीचं घेतलंत. त्याचा पॉप ग्रुप जेआ, २०१० मध्ये आलेला, नऊ पोरं, पहिल्या फळीत कधी पोचलाच नाही, मग कुठल्या फॅन्सचा जोर? २०१२ ला ‘द मून एम्ब्रेसिंग द सन’ सिरीयलमध्ये त्याने हिरॉइनच्या भावाचं तरुणपण केलं, सुरुवातीचे थोडे एपिसोड, बस. २०१३ ला ‘द अटर्नी’ सिनेमात पोलिसांच्या छळात मोडलेला विद्यार्थी, तेही साँग कांग-होसारख्या मोठ्या अॅक्टरसमोर. आणि मग २०१४ ला ‘मिसेंग’.

आता गंमत बघा, ‘मिसेंग’ची गोष्टच तुमच्या कमेंटची आहे. जांग ग्रे (हाच सी-वानचा रोल) लहानपणापासून बादुक, म्हणजे गो हा पटावरचा खेळ, शिकला, प्रोफेशनल व्हायचं हुकलं, आणि ओळखीने एका ट्रेडिंग कंपनीत इंटर्न म्हणून चिकटला. अशा माणसाला कोरियात पॅराशूट म्हणतात, वरून टपकलेला. बाकीचे इंटर्न त्याच्याकडे तुमच्यासारखंच रागाने बघतात, आणि सिरीयल त्यांना खोटं ठरवत नाही, हे मला फार आवडतं. फोन उचलला तर पलीकडचा परदेशी भाषेत बोलतोय आणि हा अंगाला न बसणाऱ्या सूटमध्ये गोठून उभा, त्या सीनमध्ये सी-वानने चेहऱ्यावर जवळजवळ काहीच केलेलं नाही. आयडॉलला वर्षानुवर्षं शिकवतात कॅमेरा दिसला की चमकायचं, आणि हा माणूस वीस एपिसोड कोणाच्या नजरेत येऊ नये असा खांदे पाडून चालतो! हे वशिल्याने येत नाही हो. शेवटी जांग ग्रे पर्मनंट होतही नाही.

आणि नाटकवाल्यांचं म्हणाल तर त्याच सिरीयलमध्ये त्याच्या बॉसचं काम करणारा ली सुंग-मिन रंगभूमीवरून आलेला, बाकीच्या इंटर्न्सपैकी कांग हा-नल म्युझिकल्समधून, ब्यन यो-हान छोट्या इंडी फिल्म्समधून. ‘मिसेंग’नंतर हे सगळे घराघरात पोचले. इथे तरी कोणी कोणाचं ताट ओढलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की राग कास्टिंग करणाऱ्यांवर काढा. आययू या गायिकेचंच घ्या, तीही आयडॉल, २०१६ च्या ऐतिहासिक सिरीयलमध्ये तिच्या अॅक्टिंगवर इतकी टीका झाली आणि दोनच वर्षांनी ‘माय मिस्टर’ सिरीयलमध्ये तीच मुलगी डोळे वर न उचलता आख्खा सीन खाऊन टाकते. डायरेक्टर कोण, तर ‘मिसेंग’वालाच, किम वॉन-सक. कोणाला काय द्यायचं हे त्या माणसाला कळतं, बाकी बऱ्याच जणांना फक्त पोस्टर कळतं.

तुमच्या डोक्यात जे नाटकातले कोरियन अॅक्टर आहेत ना, ज्यांचे रोल गेले असं तुम्हाला वाटतं, त्यांची नावं खाली लिहाल का? मला खरंच बघायचंय त्यांचं काम.