वरच्या शेवेची नोंद

इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाला ‘काल दिवसभरात काय काय खाल्लेत?’ असे विचारणे म्हणजे वकील गैरहजर असताना त्याचा जबाब नोंदवून घेण्यासारखे आहे. माझा असा जबाब घेतला तो सौभाग्यवतींच्या भाचीने. ती आहारशास्त्राचे शिक्षण घेते आणि प्रौढ माणसे स्वतःच्या खाण्याविषयी कितपत खरे सांगतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. इतके सोयीचे उदाहरण घरात बसलेले असताना उन्हातान्हात कशाला हिंडतेस, असे तिला तिच्या मावशीनेच सुचवले होते.

असा जबाब फेऱ्याफेऱ्यांनी घेतात. पहिल्या फेरीत मध्ये कोणी बोलायचे नसते. सांगणाऱ्याने आठवेल ते सांगत जायचे. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि वरणभात, रात्री मऊ खिचडी, असे मी सांगितले. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत असा तो आहार होता. भाचीचे मात्र कोरडेच राहिले, कारण दुसरी फेरी खास विसरलेल्या पदार्थांसाठीच राखलेली असते. माणसाला जेवण आठवते, पण दोन जेवणांच्या मधले आठवत नाही, हे या शास्त्रातल्या मंडळींनी फार पूर्वीच हेरून ठेवले आहे.

“काका, पोह्यांवर शेव होती का?”

आता इंदुरात पोहेवाला शेव घालू का, असे विचारत नाही. किती घालू, एवढेच विचारतो. जी वस्तू पोह्यांचाच अवयव आहे ती वेगळी नोंदवायची, तर मग वर भुरभुरलेला जिरावण मसाला आणि कांदाही नोंदवा, असा मुद्दा मी मांडला. तिने जिरावण आणि कांदाही नोंदवला. पोह्यांसोबतची जिलबी हा तर रिवाज आहे, आणि रिवाजाला कॅलरी असतात हे मला मान्य नाही.

मग तिने पिशवीतून ठरावीक मापांच्या तीन वाट्या काढून समोर मांडल्या आणि वरणाची वाटी यांतली कोणती, ते दाखवायला सांगितले. मी विनयाने सर्वांत लहान वाटीकडे बोट केले. तेवढ्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून, काठावर आमच्या आत्याच्या लग्नाची तारीख कोरलेला, पितळेचा कल्हई केलेला वाडगा घेऊन आल्या. भाचीने तिच्या मोठ्या वाटीने त्यात पाणी ओतले, पुन्हा ओतले, आणि तरीही काठापर्यंत बोटभर जागा उरली. “अहो, हा आईंच्या वेळी चौघांना पुरायचा,” अशी पुरवणी साक्षही तिथल्या तिथे झाली.

रात्रीच्या सराफ्याचा विषयही सौभाग्यवतींनीच काढला. सराफांच्या दुकानांची शटरे खाली आली की तिथे जो खाण्याचा बाजार सुरू होतो, तो मी फक्त पाहुण्यांना दाखवायला गेलो होतो. यजमानाने त्यांच्यासोबत भुट्ट्याचा कीस तोंडात टाकला, तर त्याला सौजन्य म्हणतात. शिकंजी तर पेय आहे. इतर गावी ती लिंबाच्या पाण्याची असते आणि आमच्याकडे ती आटवलेल्या दुधाची, सुकामेव्याची आणि चमच्याने खाण्याइतकी दाट असते, हा गावाचा दोष आहे, माझा नव्हे.

भाचीने माझी समजूत घातली की यात मी एकटा नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘आम्ही जेमतेम खातो, तरी वजन हलत नाही’ अशी तक्रार असलेल्या माणसांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती. मला ती माणसे सज्जन वाटतात. ठरवून खोटे बोलणारा दोन्हीकडे इतका वाहवत जात नाही.

त्यांचे पितळ उघडे पाडले ते एका पाण्याने. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे नेहमीपेक्षा जड अणू मिसळलेले असतात. जड हायड्रोजन शरीरातून पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, तर जड ऑक्सिजन पाण्यातून आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. लघवी तपासून या दोघांच्या वेगातला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा जाळली ते कळते, आणि वजन स्थिर असेल तर तेवढीच पोटात गेली असली पाहिजे. हा प्रयोग १९५५ मध्ये उंदरांवर झाला. माणसांची पाळी १९८२ मध्ये आली. उंदराला निदान कोणी जबाब तरी विचारला नव्हता.

हे पाणी फार महाग असते, म्हणून मला वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा देण्यात आला. प्रत्येक पदार्थ तोलून लिहायचा होता. लिहावे लागते म्हटले की माणसे कमी खातात किंवा लिहायला सोपे तेच खातात, हाही या शास्त्रातला मान्य दोष आहे, आणि त्याचा प्रत्यय पहिल्याच सकाळी आला. जिलबीचा पाक काट्याला चिकटतो, शेव एकेक काडी निसटते. काकडी मात्र निमूट बसून राहते. मी काकडी लिहीत गेलो. वही भरत आली तेव्हा भाचीने ती चाळून, या नोंदींवरून काकांचा नेहमीचा आहार कळणे शक्य नाही, असा शेरा मारला. प्रबंधाला वर्षभराची मुदतवाढ मिळते का, याची चौकशी सौभाग्यवतींनी त्याच दिवशी सुरू केली.