पहिला ईसीजी नॉर्मल, मग दुसरा कशाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वडिलांच्या छातीत जळजळ झाली म्हणून तुम्ही रात्री त्यांना सातपूरहून हॉस्पिटलमध्ये नेलंत. ईसीजी नॉर्मल आला, तरी चार तास ठेवून घेतलं, आणखी दोन ईसीजी काढले, ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी दोनदा केली आणि शेवटी निघालं पित्त. माझ्यासारखे डॉक्टर लेख लिहून लोकांना घाबरवतात, घरात सॉर्बिट्रेट ही जिभेखाली ठेवायची गोळी असली की पुरे, असं तुमचं म्हणणं.

एक चूक आधी कबूल करतो. 'छातीत जळजळ झाली की थेट हॉस्पिटल' हे मी सरसकट लिहायला नको होतं. तिखट मिसळ खाल्ल्यावर नेहमी होणारी, ओळखीची जळजळ वेगळी. पहिल्यांदाच होणारी, दरदरून घाम फोडणारी, दम लावणारी, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी वेगळी. ते वाक्य आजच बदलतो. शिवाय चार तासांत तुम्हाला कोणी धड समजावून सांगितलं नाही, यावरचा तुमचा राग रास्तच आहे.

पण त्या तपासण्या लूट नव्हत्या. ईसीजीच्या कागदावर येतात ती हृदयाची जेमतेम दहा सेकंदं. रक्तवाहिनीतली गुठळी वाढते, थोडी विरघळते, पुन्हा अडते. मधल्या वेळी रेघ नॉर्मल दिसू शकते. ट्रोपोनिनचंही तसंच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. दुखणं सुरू होऊन तासच झाला असेल तर आकडा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून काही तासांनी परत रक्त घ्यायचं आणि आकडा चढतोय का ते बघायचं.

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी रोडवरून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. वय छप्पन्न, जुनी शुगर. "डॉक्टर, पित्त झालंय, एक इंजेक्शन द्या." छातीत दुखत नव्हतं, नुसती मळमळ. पण पदराने कपाळ पुसलं की मिनिटात पुन्हा घामाचे थेंब. पहिला ईसीजी स्वच्छ. त्यांना टेबलावरून उठू दिलं नाही. वीस मिनिटांनी परत काढला, तर दोन, तीन आणि एव्हीएफ या तिन्ही लीडमध्ये, म्हणजे हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या ईसीजीच्या नोंदींमध्ये, रेघ वर उचललेली. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. हा झटका पोटदुखीचं सोंग घेऊन येऊ शकतो, आणि शुगरवाल्यांना छातीत कळ जाणवेलच असं नाही.

आता तुमची सॉर्बिट्रेट. अशा झटक्यात हृदयाची उजवी बाजू सापडलेली असेल तर ही गोळी बीपी धाडकन खाली आणू शकते. म्हणून आम्ही छातीच्या उजव्या बाजूला ईसीजीच्या तारा लावून आणखी एक ईसीजी काढतो. बाईंना मी ती गोळी दिली नाही. ॲस्पिरिन चघळायला लावली आणि 108 बोलावली. गोळी जिभेखाली ठेवून 'बघू सकाळपर्यंत' म्हणण्यात जे तास जातात, त्यांत स्नायू मरत राहतो. हेच मला सगळ्यात जास्त छळतं.

वडिलांचे ते तिन्ही ईसीजी टाकू नका. त्या कागदावरच्या रेघा वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात, म्हणून आजच मोबाईलवर फोटो काढा आणि घरात दोघातिघांकडे ठेवा. पुन्हा कधी रात्री जावं लागलं, तर डॉक्टरांना जुनी रेघ नव्या रेघेशेजारी धरून बघता येईल.