अपरोक्ष म्हणजे समोर की पाठीमागे?

रविवारी सकाळी कट्ट्यावर चहा येण्यापूर्वीच वादाला तोंड फुटले आणि त्याला निमित्त झाले एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त. त्या संस्थेचा सचिव असलेल्या आमच्या मित्राने लिहिले होते, 'अध्यक्षांच्या अपरोक्ष हा ठराव मंजूर करण्यात आला.' शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या मैत्रिणीने कागद वाचून विचारले, "अध्यक्ष सभेला हजर होते का?" तो म्हणाला, "नव्हते, म्हणूनच तर अपरोक्ष लिहिले."

"मग तू नेमके उलटे लिहिले आहेस," ती म्हणाली. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांच्या पलीकडे घडते ते परोक्ष, आणि जे परोक्ष नाही, म्हणजे समोरच आहे, ते अपरोक्ष. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'अपरोक्षानुभूती' या ग्रंथाचे नावच मुळी थेट, स्वतःला आलेल्या अनुभवाबद्दल आहे, पाठीमागे घडलेल्या गोष्टीबद्दल नाही.

अण्णांना हे पटले नाही. "शंभरातले नव्वद लोक अपरोक्ष म्हणजे पाठीमागे असेच समजत असतील, तर तोच त्याचा अर्थ. शिक्षा या शब्दाचे काय झाले? संस्कृतात ते शिक्षण, सहा वेदांगांपैकी एक. हिंदीत आजही शिक्षणच. मराठीत मात्र न्यायाधीश शिक्षा सुनावतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. तुम्ही तिला चूक म्हणाल का?"

अण्णांचा हा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण अर्थ बदलणे हा भाषेचा दोष नव्हे. परंतु शिक्षा बदलली तेव्हा शिकण्यासाठी शिक्षण हा शब्द आपल्याजवळ शिल्लक राहिला आणि दोन्ही अर्थ वेगवेगळे नांदले. अपरोक्षच्या बाबतीत तसे झालेले नाही: एकाच वाक्यातून जाणकाराला अध्यक्ष हजर दिसतात आणि इतरांना गैरहजर. उद्या त्या ठरावावरून तंटा झाला, तर तो कागद कोणाची बाजू घेणार?

खुलासा या शब्दाचीही आज अशीच ओढाताण चालली आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ सार असा आहे; मराठीने तो स्पष्टीकरण या अर्थाने रुजवला, म्हणूनच कार्यालयात चूक झाली की लेखी खुलासा मागवतात. आता वृत्तवाहिन्यांवर हिंदीच्या वळणाने 'धक्कादायक खुलासा' होऊ लागला आहे. त्यामुळे 'मंत्र्यांचा खुलासा' या मथळ्यातून मंत्र्यांनी आपली बाजू स्पष्ट केली की दुसऱ्याचे गुपित फोडले, हे कळेनासे झाले आहे. वाहिनीत काम करणारा मित्र म्हणाला, "पट्टीवर जागा कमी असते, गौप्यस्फोट बसत नाही." मैत्रिणीने विचारले, "मग 'उघड' का लिहीत नाहीस? तीही तीनच अक्षरे आहेत." त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

फलकांवरच्या 'आम्हाला गर्व आहे' बद्दल मात्र सर्वांचे एकमत झाले. गर्वाचे घर खाली असे म्हणणाऱ्या भाषेत चांगल्या कामाचा अभिमानच असतो.

शेवटी सचिवाने पेन काढले आणि अपरोक्षमधला 'अ' खोडायला घेतला. अण्णांनी त्याचा हात धरला. "परोक्ष लिहिलेस तर तुझे सभासद त्याचा अर्थ समोर असा लावतील." मैत्रिणीनेही मान डोलावली. मग त्याने ती अख्खी ओळ खोडली आणि लिहिले, 'अध्यक्ष अनुपस्थित असताना हा ठराव मंजूर करण्यात आला.'