बॅटरीची वायर काढण्याआधी स्कॅनर लावा

सेकंडहँड गाडी आचके देत असेल किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर उशिरा उचलत असेल, तर करायच्या उपायांचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेवा, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पाकळीनं कमी-जास्त करणारा भाग) साफ करा, तरी ढिम्म असेल तर थ्रॉटल कंट्रोलर (पेडलचा सिग्नल वाढवून सांगणारं उपकरण) बसवा. पेट्रोल असो वा डिझेल, दुखणं तेच. यात थोडं तथ्य आहे, पण क्रम पार उलटा.

आधी ती वायर. ती काढली की बऱ्याच गाड्यांत फॉल्ट कोड (गाडीनं साठवलेले बिघाडाचे क्रमांक) पुसले जातात आणि बिघाडाच्या क्षणी आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान किती होतं ही नोंदही जाते. म्हणजे पुरावाच नष्ट. ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, शिकलेलं इंधनाचं गणितही कोरं होतं, म्हणून एक-दोन दिवस गाडी बरी वाटते आणि मग पुन्हा पाढे पंचावन्न. विकणाऱ्यानं हेच करून गाडी दाखवली असू शकते. हे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ बघा. 80,000 चाललेल्या गाडीत तिथं 12 किलोमीटर दिसले तर कारण विचारा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर बिल मागा.

थ्रॉटल बॉडीचं म्हणणं अर्धं खरं. काजळी धरते ती पाकळीच्या कडेला, म्हणून त्रास होतो आयडलिंगला आणि सिग्नलवरून निघताना. 60-80 च्या वेगात किंवा घाट चढताना पाकळी चांगलीच उघडलेली असते; तिथं गाडी मिसिंग करत असेल तर प्लग, इग्निशन कॉइल आणि इंधनाचा दाब बघायचा. साफ करायचीच तर थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर फडक्यावर मारून पुसा. चावी चालू असताना इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटानं ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. नंतर आयडल चढलेलं राहिलं तर बऱ्याचदा स्कॅनरनं रीलर्न करावं लागतं, म्हणजे पाकळीची जागा ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते.

पेट्रोल गाडीत खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यांत असते. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकलेला) या दोन आकड्यांची बेरीज साधारण ±10 टक्क्यांत हवी. आयडलवर +20 आणि 2,500 आरपीएमला +4 झाली, तर एखाद्या तडकलेल्या व्हॅक्यूम होसमधून हवा आत शिरतेय. उलट आयडलवर ठीक आणि लोड आला की आकडा चढतोय, तर इंधन पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). नंतर इंजिन बंद, चावी चालू ठेवून ॲक्सिलरेटर पेडल सावकाश दाबा: स्कॅनरवर पेडलचा आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा पी2138 कोड आला, तर पेडल सेन्सर किंवा त्याची वायरिंग. इथं साफसफाईचा काही उपयोग नाही.

‘पेट्रोल असो वा डिझेल’ हे तर साफ चूक. डिझेलमध्ये ताकद ठरते इंधनाच्या मात्रेवर. हवेच्या वाटेत झडप असलीच तर ती मुख्यतः ईजीआरसाठी (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्यासाठी) आणि इंजिन बंद होताना धक्का बसू नये म्हणून. स्विफ्टच्या 1.3 डीडीआयएस डिझेल इंजिनाला 2,000 आरपीएमच्या आत मरगळ जाणवते, तो टर्बोचा स्वभाव. शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होसच्या जोडावर ताजं तेल दिसलं तर होस फाटलाय. डिझेल फिल्टरमधलं पाणीही काढून बघा.

थ्रॉटल कंट्रोलर पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि तुम्ही 20 टक्के दाबलंत तर 40 सांगतो. ताकद तेवढीच राहते, दुखणं तेवढं झाकलं जातं.

स्कॅनर सगळं ठीक म्हणतोय आणि तरी पाय सोडता-दाबताना धक्का बसतोय? बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून ठेवा, पहिल्या गिअरवर क्लच हळूच अर्धा सोडा, मग रिव्हर्सला तसंच. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं, समोर नाही. इंजिन दोन बोटं उचललं गेलं, तर इंजिनाचं माउंटिंग (त्याचा रबरी आधार) फाटलंय.