आणखी दोनच हजार

पहिला कॉम्प्युटर स्वतः जुळवायला निघालेल्या माणसाचं बजेट नेहमी सत्तर हजार असतं. पन्नास सांगितले तर दुकानदार तोंड फिरवतो, लाख सांगितले तर घरचे. सत्तर दोन्हीकडे खपतात. घरात अर्ज जातो तो 'ऑफिसच्या कामासाठी' म्हणून. ग्राफिक्स कार्डाचा उल्लेख असलाच तर तळाशी, बारीक अक्षरात. ऐरोली-महापेला नोकरी आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम, एवढं भांडवल असेल तर अर्ज सहसा मंजूर होतो.

मंजुरीची बातमी फुटली की भाचा येतो. प्रत्येक घराला असा एक भाचा असतो. त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉपच असतो, पण यूट्यूब पाहून पाहून त्याचं ज्ञान काठोकाठ भरलेलं असतं. तो यादी बघतो, सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "मामा, आणखी दोनच हजार टाका."

हे दोन हजार पुढे कसे वागतात ते बघण्यासारखं आहे. यादीत एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ७६०० आहे: सहा कोअर, ६५ वॅट, खोक्यात कूलर फुकट. भाच्याच्या मते थोडे जास्त टाकले की ७६००एक्स येतो. येतो खरा, पण तो १०५ वॅटचा आणि खोक्यात कूलर नाही. म्हणजे कूलर आला. टॉवर कूलर उंचीला १५५ मिलिमीटरच्या आसपास. आधी ठरवलेल्या बुटक्या कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही, म्हणून कॅबिनेट मोठं. मोठ्या कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स या छोट्या मापाचा मदरबोर्ड केविलवाणा दिसतो, म्हणून बोर्डही मोठा. भाच्याने निवडलेल्या रॅमला वर दिव्यांचा तुरा आहे, तो कूलरच्या पंख्याला टेकतो, म्हणून कूलर पुन्हा वेगळा. एवढ्या उलाढालीतून गेममध्ये पदरात पडतात चार-पाच टक्के, तेही ग्राफिक्स कार्ड भारी असेल तर. मध्यम कार्डावर काहीच नाही, कारण तिथे प्रोसेसरच कार्डाची वाट बघत बसलेला असतो.

माझं म्हणणं असं की यादी उलटी लिहावी. आधी मॉनिटर, मग त्याला पुरेल तेवढं कार्ड, मग त्या कार्डाला अडवणार नाही असा प्रोसेसर. भाच्याची यादी प्रोसेसरपासून सुरू होते आणि मॉनिटरपर्यंत येईतो पैसे संपतात. मग लाखभराच्या यंत्राला कपाटावर धूळ खात पडलेला जुना मॉनिटर जोडला जातो.

मॉनिटरचं गणित सरळ आहे. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. २५६० बाय १४४० म्हणजे ३६.९ लाख. फोरके म्हणजे ८२.९ लाख, पहिल्याच्या बरोबर चौपट. यातला एकेक ठिपका सेकंदाला साठ-सत्तर वेळा रंगवायचं काम कार्डाचं असतं, त्यामुळे दुकानात मॉनिटर पसंत करताना आपण नकळत कार्डही पसंत करत असतो. दिवसभर एक्सेल किंवा कोड वाचायचा असेल तर २७ इंचावर १०८० घेऊ नये, अक्षरं खडबडीत दिसतात. २४ इंचाला १०८० किंवा २७ इंचाला १४४०, या दोन जोड्यांत बहुतेकांचं भागतं. फोरकेचा मोह ऑफिसच्या कामाला छान आहे. गेम लावला की त्याचं बिल येतं.

कार्डांच्या नावांत मात्र डोळे उघडे ठेवावेत. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी मेमरी असते आणि ते १४५ वॅट खातं. १०८० ला ठीक. आरटीएक्स ५०६० टीआय मात्र एकाच नावाने ८ आणि १६ जीबी अशा दोन अवतारांत मिळतं. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीचंही तेच. 'टीआय फार स्वस्तात मिळालं' असं कोणी सांगितलं की त्याला हळूच विचारावं, कितीचं? १४४० चा मॉनिटर असेल किंवा व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडरमधलं थ्रीडी असलं काम असेल तर १६ वालंच. इथे मात्र भाच्याचे जास्तीचे पैसे खरोखर कामाला येतात, पण तोवर ते तुऱ्याच्या रॅमवर गेलेले असतात. आणि कार्डाची लांबी बघावी. तीन पंख्यांची बरीच कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात. कॅबिनेटच्या माहितीत दिलेली जागा कधीकधी पुढचा पंखा न धरता मोजलेली असते, आणि तो पंखा आपले २५ मिलिमीटर घेतोच.

रॅमबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव असे चढले की जुन्या बिलांचे फोटो लोक एकमेकांना पाठवू लागले. तरीही टीम्स, पन्नास टॅब आणि मागे मिनिमाइझ करून ठेवलेला गेम एवढं एकत्र चालवायचं तर १६ जीबीत जीव गुदमरतो, ३२ लागतात. 'आत्ता १६ च्या दोन टाकू, पुढे आणखी दोन' हा बेत डीडीआर४ या मागच्या पिढीच्या रॅमपर्यंत ठीक होता. एएम५ वर, म्हणजे आपला रायझन बसतो त्या सॉकेटच्या बोर्डावर, डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो. म्हणून दोनच घ्याव्यात आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. लॅपटॉपमधून काढलेली रॅम इथे बसत नाही, हे दरवेळी कोणाला तरी सांगावं लागतं.

बोर्डाला जास्त वेळ देण्याचं कारण नाही. बी६५०एम किंवा बी८५०एम पुरतो. नावात वायफाय आहे का ते बघा, नसेल तर राउटरपासून टेबलापर्यंत केबल ओढायची तयारी ठेवा. एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठिंबा जाहीर केलाय, तेव्हा प्रोसेसर पुढे बदलता येईल. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट मात्र तिथेच थांबलाय. नावात एफ असलेला इंटेल किंवा रायझन ५ ५६०० घेतला तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड दुरुस्तीला गेलं की पंखे फिरतील, दिवे लागतील, चित्र दिसणार नाही आणि सोमवारची मीटिंग फोनवरून होईल.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. हा सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारखा आहे. बंद पडेपर्यंत कोणी त्याची चौकशी करत नाही. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेल्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असतं, आणि छापायला पैसे पडत नाहीत. बाजूचं स्टिकर वाचावं: +१२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत? त्याला बारा ने गुणा. ४५ ॲम्पिअर असतील तर ५४० वॅट, म्हणजे ५५० चा दावा खरा. प्रोसेसर आणि कार्डाची सगळी भूक याच रकान्यावर असते. आपल्या यादीची बेरीज करू: ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १४५, बाकी किडूकमिडूक साठेक. तीनशेच्या आतच. चांगला ५५० चा एसएमपीएस भरपूर झाला. '८५० घ्या, पुढे उपयोगी पडेल' हे भाच्याचंच वाक्य, फक्त दुकानदाराच्या तोंडून. मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर त्याच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. खाच सारखी दिसते, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो, आणि पहिल्याच बटणाला आतल्या भागांचा धूर निघू शकतो.

यूपीएसवरचा आकडा व्हीएमध्ये असतो, त्याला वॅट समजू नये. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. एक्सेलला पुरेल, पण गेमच्या ऐन लढाईत वीज गेली तर कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून यूपीएस काठावर येतो आणि चिरकायला लागतो. गेम खेळणार असाल तर हजार-अकराशे व्हीएचा बघा.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहत असाल तर हे सगळं आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिथल्या कित्येक सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं असतं, मागे अर्थिंगची तार नसते. मग एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणाऱ्या बारीक करंटला जायला वाट राहत नाही आणि कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. पायात स्लीपर घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मल्टिमीटरवर फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट दिसले पाहिजेत.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत अर्थिंग चोख असतं, तिथे धूळ आणि टाइल्स. चहूबाजूंनी बांधकामं चालू असताना जाळी नसलेलं कॅबिनेट घेणं म्हणजे सिमेंट घरपोच मागवणं. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि आत घेणाऱ्यांवर काढून धुता येईल अशी जाळी. टाइल्सचा त्रास वेगळाच: कॅबिनेटच्या बाजूची काच टफन्ड असते, हातोडीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तिची कड व्हिट्रिफाइड टाइलवर जराशी टेकली की क्षणात तिची खडीसाखर होते. काच काढली की पलंगावर, चादरीवर, आडवी.

खरेदीला लॅमिंग्टन रोड, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा कॉम्प्युटरचा बाजार. ठाण्याहून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो पकडायची, कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. दुकानात यादी दिली की काउंटरवरचा मुलगा ती न वाचताच म्हणतो, "ये छोडो बॉस, सब ये वाला ले जाते हैं." सब जे नेतात ते बहुधा त्याच्या गोदामात पडून असतं. भाव विचारताना एकच प्रश्न खणखणीत विचारावा: जीएसटी धरून का? सत्तर हजारांवर १८ टक्के म्हणजे १२,६०० रुपये, आणि 'बिल हवंय का?' हा प्रश्न तिथूनच उगवतो. बिल हवंच, आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएसडी यांचे सीरियल नंबर हवेत. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर नसेल तर तो माल आडवाटेने आलाय; स्वस्त पडतो, पण वॉरंटी भारतात कोणी ओळखत नाही. परत येताना कॅबिनेटचं खोकं घेऊन संध्याकाळच्या साडेसहाच्या ठाणे लोकलमध्ये शिरायचा विचार मनातून काढून टाका. ती एकच वस्तू ऑनलाइन मागवा.

जोडणी ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, पण भीती तिचीच वाटते. एएम५ चा प्रोसेसर ठेवून सॉकेटची दांडी खाली दाबताना कर्र असा आवाज येतो आणि छातीत धस्स होतं. तो तसाच येतो. वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडतं; ते टाकू नका, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली की मागतात. खोक्यातल्या कूलरच्या बुडाला करडी पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी थापू नये. बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे कंस आधी काढायचे, मग चार स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे. एसएसडीच्या हीटसिंकखालची फिल्म सोलायची. १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदाराला फोन करू नका, बाकीचे त्याने काढून घेतलेले नाहीत. पॉवर बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची नाही.

मग तो क्षण येतो. घरातले सगळे जमतात, बटण दाबलं जातं, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. एक मिनिट जातं. बाबा विचारतात, "गॅरंटी आहे ना?" आई म्हणते, "एवढ्यात स्कूटर आली असती." भाचा पाणी प्यायला आत जातो. हात बटणाकडे सरकतो, तो आवरायचा. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची ओळख करून घेतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. चित्र आलं की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं एक्स्पो चालू करायचं, नाहीतर ६००० च्या वेगाची रॅम ४८०० वर चालत राहते. ते चालू केलं की स्क्रीन पुन्हा काळी आणि आई पुन्हा स्कूटर.

विंडोज ११ चढवताना मध्येच इंटरनेट मागते आणि नव्या बोर्डाचा वायफाय तिला अजून ओळखताच येत नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम होतं. शेवटी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ती बोर्डात खुपसली असेल तर ७६०० आपल्या इवल्याशा ग्राफिक्सवर चित्र दाखवतो, गेम रखडत चालतो आणि भाचा लगेच म्हणतो, कार्ड बदला. केबल कार्डात लावा. मग सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. १६५ हर्ट्झचा मॉनिटर तिथे मुकाट्याने ६० वर बसलेला असतो. तो आकडा बदला. बाबांना फरक दिसतो का, हे विचारू नका.