कार्डाच्या पोटात कार्ड

मायक्रोएसडी कार्ड म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. त्यात फोटो भरायचे, गाणी भरायची आणि सोफ्याच्या फटीत गेलं की नवीन आणायचं, एवढीच त्याची आपल्याकडे ख्याती. पण काही कार्डांच्या पोटात आणखी एक कार्ड असतं. एटीएम कार्डावर जी सोनेरी चिप दिसते, तिच्याच कुळातली चिप. तुमची गुप्त किल्ली तिच्यात राहते. सही हवी असेल तर ती आतल्या आत करते आणि बाहेर फक्त सही देते. किल्ली कुणाला म्हणून देत नाही, मालकालासुद्धा नाही. सीए मंडळी डिजिटल सहीसाठी जो यूएसबी टोकन वापरतात, त्याचंच हे काम. फक्त हे लॅपटॉपच्या खाचेत गुडूप होतं, बाहेर शेपूट राहत नाही.

ते मी घेतलं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स आहे. हे वाक्य आमच्या घरी पाहुण्यांना "त्याला गोड चालत नाही" या सुरात सांगितलं जातं.

कार्ड आत सरकवलं की फाइल मॅनेजर धावत येतो: नवीन डिस्क आली, उघडू? फोटोंचा प्रोग्राम विचारतो, फोटो उतरवून घेऊ? मागच्या मागे फाइलींची यादी करणारा तिसराच कुणीतरी सगळं चाळायला लागलेला असतो. चिपचं नाव कुणी काढत नाही. नेहमीच्या स्मार्ट कार्ड रीडरचं बरं असतं. त्याच्यासाठी सीसीआयडी नावाचं प्रमाण ठरलेलं आहे. रीडर लावा, पीसीएससीडी नावाची रीडरशी बोलणारी सेवा चालू असू द्या, की कार्ड आपला एटीआर सांगतं, म्हणजे '३बी' वगैरेने सुरू होणारी स्वतःची ओळख. आमचं कार्ड स्वतःची ओळख 'डिस्क' अशीच करून देतं आणि गप्प बसतं.

चिपशी बोलायचं तर चोरवाट आहे. डिस्कवरच्या एका ठरावीक फाइलमध्ये आज्ञा लिहायची आणि तीच फाइल वाचून उत्तर घ्यायचं. कार्डातला कंट्रोलर ही लिखापढी मधेच अडवतो आणि चिपकडे पोचवतो. कल्पना झकास आहे. ज्याने काढली त्याने लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, मात्र विचारलेलं दिसत नाही.

कर्नेल कमालीचा काटकसरी. फाइलमध्ये काही लिहिलं की तो ते आधी रॅममध्ये ठेवून घेतो. डिस्कवर सावकाश नेऊ, घाई काय आहे? लगेच वाचायला गेलात तर डिस्कपर्यंत हेलपाटा कशाला, म्हणून रॅममधलीच प्रत हातात ठेवतो. एरवी या पेज कॅशमुळेच मशीन चपळ वाटतं. इथे मी लिहिलं '०० ए४ ०४ ००', म्हणजे चिपमधलं अमुक अ‍ॅप्लिकेशन निवड. मग श्वास रोखून उत्तर वाचलं. उत्तर होतं '०० ए४ ०४ ००'. अरे, हे तर मीच विचारलं होतं! आपल्याला कुणी हाक मारली, हे चिपच्या गावीही नव्हतं.

यावर उतारा म्हणजे ओ_डायरेक्ट. फाइल उघडताना हा शब्द घातला की कर्नेल कॅश बाजूला ठेवून थेट डिस्ककडे जातो. पण त्याचं सोवळं फार कडक. बफर मेमरीत ठरावीक हद्दीवरच सुरू झाला पाहिजे, लांबी ५१२ बाइटच्या पटीतच पाहिजे. आज्ञा चिमूटभर असली तरी उरलेली जागा शून्यांनी भरून द्यायची. एका बाइटने शिवाशिव झाली की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट', जा परत आंघोळ करून ये.

कार्डाच्या डब्यावर 'लिनक्सवर चालते' असं छापलेलं होतं, म्हणून उत्पादकाला मेल टाकली. उत्तर अतिशय नम्र होतं. लायब्ररी आहे, पण आधी गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागेल. सोर्स मिळणार नाही. आणि लायब्ररी ३२ बिटची आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरसाठी मी आधी तोंड बंद ठेवण्याची शपथ घ्यायची! त्यापेक्षा पीसीएससी-लाइटसाठी, म्हणजे पीसीएससीडी ज्यातून येतो त्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी, ड्रायव्हर आपणच लिहावा असं ठरवलं. ती मंडळी खरंच उदार आहेत. यूएसबी नसलेल्या रीडरची नोंद एका साध्या कॉन्फिग फाइलमध्ये केली की भागतं.

हे चालू असताना कार्ड एकदा टेबलावरून नाहीसं झालं. मावशीच्या फोनमधली जागा संपली होती आणि हे "रिकामंच पडलं होतं". फोनने "फॉरमॅट करू का?" विचारलं, मावशीने घरातल्या मोठ्या माणसाच्या अधिकाराने हो म्हटलं. चिपचं काही बिघडलं नाही, कारण किल्ली फ्लॅश मेमरीत नसतेच. पण अभेद्य तिजोरी म्हणून घेतलेल्या कार्डावर दवबिंदू पडलेले गुलाब आणि 'शुभ सकाळ' ओळीने लागलेले बघून पोटात कसंसंच झालं. मावशी म्हणाली, "छान चालतंय की रे. तू उगीच म्हणतोस अवघड आहे."

पिनचं प्रकरण आणखी नाजूक. चुकला की चिप '६३ सी२' म्हणते, म्हणजे दोनच संधी उरल्या. त्याही गेल्या की ती तोंड मिटते. त्यामुळे मी पिन टाकत असताना घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही. शेवटी एका रात्री '९० ००' आलं. स्मार्ट कार्डांच्या जगात याचा अर्थ 'सगळं ठीक'. मी एकट्यानेच टाळी वाजवली.

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामला स्मार्ट कार्ड वापरू देणारं ओपनएससीचं मॉड्यूल जोडलं आणि सही केलेली पहिली मेल सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवली, पार्किंगच्या अर्जाची. दहा मिनिटांत फोन.

"अहो, तुमच्या मेलसोबत ते एसमाइम डॉट पी७एस काय आलंय? उघडत नाहीये. व्हायरस नाही ना?"

"काका, ती माझी सही आहे."

"दिसत नाहीये पण. असं करा, प्रिंट काढा, सही करा आणि स्कॅन करून पाठवा. निळ्या पेनाने हं. काळी झेरॉक्स वाटते."