नवे खेळाडू टिकत नाहीत, याचे खापर जुन्यांवर का फोडता येत नाही

सोलापुरात मोबाईलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाईन खेळ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर हातोहात पुढे जात आहे. त्याचा आशय असा: ऑनलाईन खेळांत नवे लोक टिकत नाहीत, कारण जुने खेळाडू त्यांना पहिल्याच दिवशी मारून हाकलतात, शिवीगाळही तेच करतात, सामने लावणारी यंत्रणा त्यांच्याच सोयीची आहे, तेव्हा नव्यांची त्यांच्याशी गाठच पडू देऊ नये. जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत अनेकांनी यावर मान डोलावली आहे, म्हणून त्यातील एकेक मुद्दा तपासणे भाग आहे.

पहिला मुद्दा मार खाण्याचा. बीजीएमआयपुरते बोलायचे, तर नवख्या खात्याच्या सुरुवातीच्या सामन्यांत समोर येणारे बरेचसे ‘खेळाडू’ माणसे नसून बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेली पात्रे असतात. ते उघड्या मैदानात उभे राहून गोळ्या झाडतात आणि आडोसा शोधण्याच्या भानगडीत पडत नाहीत. मुरलेला खेळाडू त्यांना पाहताक्षणी ओळखतो. नव्याला मात्र आपला हात बसला असे वाटते. म्हणजे पहिल्या दिवशी जुन्यांनी झोडपण्याची वेळ सहसा येतच नाही.

शिवाय खेळात मेला की माणूस खेळच सोडतो, हे गृहीतकही तपासून पाहावे लागते. आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाईन’ हा २००३ पासून चालू असलेला अंतराळातील खेळ निर्दयपणाबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे जहाज फुटले की ते कायमचे गेले. कंपनीने २०१५ च्या आपल्या मेळाव्यात सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंच्या पहिल्या १५ दिवसांचा हिशेब मांडला. त्यांतील ८५ टक्क्यांहून अधिक लोकांना कोणीही मारलेच नव्हते, आणि खेळातील कायदा मोडून केलेल्या हल्ल्यात बळी पडलेले जेमतेम १ टक्का होते. ज्यांना कोणी मारले, ते न मारल्या गेलेल्यांपेक्षा अधिक काळ टिकले होते. यावरून मार खाल्ल्यामुळेच ते टिकले असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण जो मुळातच उत्साही असतो तोच धोक्याच्या भागात जातो आणि मरतो. परंतु मार खाल्ला म्हणून नवे पळाले, हा दावा या आकड्यांपुढे उभा राहू शकत नाही.

आपल्या गटांत जुनेच उरलेले दिसतात, त्याला आणखी एक साधे कारण आहे, आणि ते सोयीस्करपणे विसरले जाते. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याची भारतापुरती आवृत्ती असलेला बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून हटवला गेला आणि थेट मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात ज्यांच्या फोनमध्ये खेळ आधीपासून होता, ते काही काळ खेळत राहिले. नव्याने उतरवून घेण्याची वाटच बंद होती. दुकानाचे शटर सरकारी आदेशाने पडले असताना गिऱ्हाईक कोणी हाकलले, अशी विचारणा जुन्या खेळाडूंकडे का करावी?

शिवीगाळीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा ऑनलाईन खेळ चालवणाऱ्या रायट गेम्सने आपल्या खेळातील वर्तन तपासले, तेव्हा सातत्याने वाईट वागणारे खेळाडू सुमारे १ टक्का निघाले आणि एकूण शिवीगाळीत त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच भरला. उरलेली बहुतांश शिवीगाळ एरवी नीट वागणाऱ्या, एखाद्या दिवशी डोके फिरलेल्या माणसांची होती. तिचा संबंध खेळण्याच्या वर्षांशी जोडायला काहीच आधार नाही. रात्री अकरा वाजता नेट अडकले की नवाही तेवढ्याच जोरात ओरडतो.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, फक्त ते मजकुराच्या लेखकाला वाटते त्या जागी नाही. जत्रेतल्या कुस्तीत जोड चुकली की दोष पंचांकडे जातो. येथे जोड लावणारा पंच म्हणजे कंपनीची संगणकीय यंत्रणा. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी केलेल्या ट्रूस्किल पद्धतीत प्रत्येक खेळाडूमागे दोन आकडे असतात: कौशल्याचा अंदाज, आणि त्या अंदाजातील अनिश्चितता. नव्या खात्याबाबत यंत्रणेला जवळजवळ काहीच ठाऊक नसते, त्यामुळे चुकीच्या जोडी सर्वाधिक तेथेच लागतात. अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने २०२४ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या आपल्या खेळातील आपल्या प्रयोगाची माहिती दिली, तीही हेच सांगते. सामने लावताना कौशल्याला दिले जाणारे महत्त्व कमी करताच ९० टक्के खेळाडूंचे खेळाकडे परतण्याचे प्रमाण घटले. वाढले ते केवळ सर्वांत वरच्या १० टक्क्यांचे. त्या ९० टक्क्यांत वर्षानुवर्षे खेळणारे जुने लोकही आलेच. जुना आणि तरबेज हे दोन वेगळे गुण आहेत, आणि मजकुराची सगळी गफलत त्यांना एक मानण्यात आहे. चार-पाच वर्षे नित्यनेमाने खेळून आजही ‘गोल्ड’ या खालच्या श्रेणीतच असलेले खेळाडू सोलापुरात शोधावे लागत नाहीत.

खरा त्रास देतो तो स्वतःला नवा म्हणवून घेणारा तरबेज माणूस, म्हणजे दुसरे खाते काढून खालच्या सामन्यांत घुसणारा स्मर्फ. ‘डोटा २’ या खेळात तो चालवणाऱ्या वाल्व कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा ९० हजार खात्यांवर बंदी घातली. त्याच्यावर संताप जरूर व्हावा. मात्र मजकुरात सुचवलेली वेगळी व्यवस्था त्याला अडवू शकत नाही, कारण तो नव्यांच्याच दारातून आत येतो.

राहिला प्रश्न गाठ पडू न देण्याचा. खेळाडू दोन कप्प्यांत विभागले की प्रत्येक कप्प्यातील संख्या घटते. मग एक तर सामन्यासाठी ताटकळावे लागते, नाही तर यंत्रणा जोड ढिली करते, आणि ज्याची तक्रार होती तेच पुन्हा घडते. शिवाय खेळाचे बरेचसे शहाणपण कोणत्याही ट्युटोरियलमध्ये नसते. बीजीएमआयच्या नकाशातील पोचिंकी गावात आपल्या संघातला नवा मुलगा नॉक झाला, म्हणजे गोळी लागून कोसळला, की धुराचा बॉम्ब टाकून त्याला रिवाइव्ह करणारा, म्हणजे पुन्हा उभा करणारा, आपल्या बॅगेतील फोर-एक्स ही बंदुकीची दुर्बीण त्याच्यापुढे टाकणारा आणि वर “उभ्यानं काय लूट करतोस बे, खाली बस की” असे सुनावणारा जुनाच असतो. ‘ईव्ह’मध्ये खेळाडूंनीच २००४ मध्ये ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ उभारली आणि ती नवख्यांना शिकवत आली आहे. ‘फायनल फँटसी चौदा’ या ऑनलाईन खेळात नवख्याच्या नावापुढे कोवळ्या रोपाचे चिन्ह दिसते, आणि एखाद्या मोहिमेत पहिल्यांदाच येणारा कोणी गटात असला, तर ती पूर्ण होताच इतरांना जादा बक्षीस मिळते.

सोलापुरात कस्टम रूम, म्हणजे आपापसांतले खासगी सामने चालवणाऱ्यांना एवढे करण्यासाठी कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही. चार जुन्यांचा एक स्क्वॉड (चौघांचा संघ) होऊ न देता प्रत्येक स्क्वॉडमध्ये एक जुना बसवावा आणि गुण देताना किलइतकेच, म्हणजे मारलेल्या शत्रूइतकेच, रिवाइव्हलाही मोजावे.